नावापुरते गाव

माणसाचे नाव ही त्याची अगदी स्वतःची वस्तू आहे, असा एक गोड समज जगात रूढ आहे. सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत दोन-चार वर्षे काढलेल्या मनुष्यापाशी हा समज फार काळ टिकत नाही. तेथे नाव म्हणजे एक रकाना. सेवापुस्तकात ते एका प्रकारे लिहिलेले असते, आधारपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि बँकेच्या पुस्तकात तिसऱ्याच. इंग्रजी अक्षरांतील एखादा 'ए' कमी-अधिक झाला, की ज्याची तीस वर्षांची नोकरी निष्कलंक गेली त्या गृहस्थालाही 'तो मीच' असे शपथपत्र करून द्यावे लागते. ही शपथपत्रे तपासून फाइलीत लावणे हे माझे काम आहे. काम रुक्ष खरे. परंतु रोज शे-पन्नास नावे डोळ्यांखालून गेल्यामुळे मला नावांचा, विशेषतः आडनावांचा, एक नाद लागला आहे. तो निरुपद्रवी आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून घरातूनही त्याला विरोध नाही.

कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेने मला रायपूरला आणून सोडले, त्याला नऊ वर्षे झाली. छत्तीसगडातील आडनावे आपल्याकडच्या आडनावांहून निराळ्या जातकुळीची आहेत, आणि 'जातकुळीची' हा शब्द मी येथे अक्षरशः वापरीत आहे. नेताम, मरकाम ही नावे गोंडांच्या कुळांची. देवांगन म्हटले की विणकर, निषाद म्हटले की नदीवर पोट असलेला, आणि साहू म्हटले की तेली. हे साहू या प्रदेशात इतके आहेत, की आमच्या कचेरीत 'साहूजी' अशी हाक मारली तर एकाच वेळी चार माना वर होतात. रायपूर शहरातील मोठ्या तळ्याचे नावच तेलीबांधा. राजिमच्या त्रिवेणी संगमावरचे क्षेत्र ज्या भक्तिणीच्या नावाने ओळखले जाते, ती राजिममाताही तेलीणच होती, अशी येथील श्रद्धा आहे. साहू समाज दर वर्षी 7 जानेवारीला तिची जयंती मोठ्या थाटाने साजरी करतो. येथील आडनाव मनुष्य कोणाचा हे सांगते. तो कोठला हे त्याला सांगावयाचे नसते. कारण तो बहुधा येथलाच असतो.

आपल्या मराठी आडनावांपैकी कुलकर्णी, देशपांडे, पाटील ही मंडळी पूर्वजांचा हुद्दा सांगतात, आणि हुद्दा गेल्यावरही दोन-दोनशे वर्षे सांगतच राहतात. पण आपले खास म्हणावे असे आडनाव म्हणजे 'कर' लावलेले. माझेही तसेच आहे. ते येथे मुद्दाम देत नाही. संपादक लेखाच्या खाली ते छापणारच आहेत.

2023 साली 'ओपेनहायमर' हा चित्रपट येथे लागला, तेव्हाची गोष्ट. माझ्या शेजारच्या मेजावर बसणारे साहूजी तो पाहून आले आणि सोमवारी डबा उघडता उघडता मला म्हणाले, "भैया, गावसकर, तेंडुलकर और अब ये ओपेनहायमर! ये भी आप ही लोगों में से है क्या?" सगळे हसले. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "वैसे ये 'कर' है क्या? टैक्स?" हिंदीत कर म्हणजे पट्टी, हे आपणां परप्रांतस्थांना ठाऊकच आहे. मी काही तरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु घरी जाऊन पुस्तके चाळली तेव्हा दिसले, की साहूजींच्या थट्टेत निम्म्याहून अधिक तथ्य होते.

ऱ्हाइन नदीच्या डाव्या तीरावर, माइन्झ आणि वर्म्स या दोन नगरांच्या मध्ये, ओपेनहाइम नावाचे एक लहानसे गाव आहे. जर्मन भाषेत गावाच्या नावापुढे 'अर' लावला की 'त्या गावचा' असा अर्थ होतो. बर्लिनचा तो बर्लिनर, व्हिएन्नाचा तो वीनर, फ्रँकफुर्टचा तो फ्रँकफुर्टर. म्हणजे ओपेनहायमर या नावाचे चोख मराठी 'ओपेनहाइमकर' असे होईल. आपला 'कर' आणि त्यांचा 'अर' यांचे रक्ताचे नाते नाही. काम मात्र दोघांचे एकच.

या कामाचा एक नियम आहे. तो इतका उघड आहे की सहसा ध्यानात येत नाही. पेण गावात राहणाऱ्याला पेणकर म्हणून काय उपयोग? तेथे सगळेच पेणचे. तो घाट चढून पुण्याला गेला, होडीत बसून मुंबईला उतरला, म्हणजे मग लोक त्याला 'तो पेणचा' म्हणून ओळखू लागतात, आणि पुढे त्याचा पेणकर होतो. ओपेनहाइममधला ज्यू ओपेनहाइममध्ये होता तोवर अमक्याचा मुलगा तमका एवढाच होता. तो हायडेलबर्गला किंवा फ्रँकफुर्टला बिऱ्हाड घेऊन गेला, तेव्हा ओपेनहायमर झाला. हे नाव गाव देत नाही, परगाव देते. आडनावात गाव असणे ही त्या गावी राहत असल्याची खूण नसून ते सुटल्याची खूण आहे. पुढे हा पेणकर परत पेणला जाऊन राहिला, तरी लागलेला 'कर' काही गळून पडत नाही, ही गोष्ट निराळी.

ओपेनहायमरांचा पुढचा प्रवास पाहिला म्हणजे हे अधिकच पटते. सतराव्या शतकात हायडेलबर्गला जन्मलेला साम्युएल ओपेनहायमर व्हिएन्नाच्या सम्राटाचा सावकार झाला आणि त्याच्या सैन्याला रसद पुरवू लागला. हायडेलबर्गलाच जन्मलेल्या योसेफ झ्यूस ओपेनहायमराने व्युर्टेंबर्गच्या ड्यूकच्या खजिन्याचा कारभार केला, आणि ड्यूकचे डोळे मिटताच दरबाऱ्यांनी त्याला 1738 साली स्टुटगार्ट येथे फासावर चढविले. अर्नेस्ट ओपेनहायमर 1902 साली दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिऱ्यांच्या व्यापारासाठी गेला व पुढे तेथील खाणसम्राट झाला. हानाऊ गावचा यूलियस 1888 साली, सतराव्या वर्षी, अमेरिकेस गेला. त्याचा न्यूयॉर्कला 1904 साली जन्मलेला मुलगा रॉबर्ट म्हणजे अणुबाँबचा तो शास्त्रज्ञ, ज्याने बर्कलीला असताना गीता मूळ संस्कृतातून वाचली होती. हे सारे एका घराण्याचे होते असे मुळीच नाही. गाव एक, घराणी अनेक. ज्या ज्या कुटुंबाने ते गाव सोडले त्याच्या त्याच्या पाठीला ते चिकटले, इतकेच.

साहूजींना दुसऱ्या दिवशी मी हे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "तो आपका गाँव कौन-सा है? कब जाते हैं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडनावातच होते. दुसऱ्याचे देताना मी थोडा अडखळलो. त्याविषयी पुढे लिहितो.

आमचे गाव रायगड जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, खाडीच्या काठी आहे. आजोबांच्या लहानपणी त्या गावात आमच्या आडनावाचे आणखी एक घर होते, आणि ते आमच्या भाऊबंदांचे नव्हते. ते इस्रायलांचे होते. त्यांचा तेलाचा घाणा होता. आठवडाभर त्याची कुरकुर चालू असे आणि शनिवारी ती बंद होई. त्या शांततेवरून पोरांना शनिवार उजाडल्याचे कळे, असे आजोबा सांगत. पैगंबर एलियाच्या नावाने त्या घरी मलिदा होई. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे असा तो प्रसाद आजोबांनी मनसोक्त खाल्ला होता आणि पुढे कितीही प्रकारचे पोहे खाल्ले तरी त्या पोह्यांची गोडी ते विसरले नाहीत. हे कुटुंब 1950 नंतरच्या दशकात एके दिवशी मुंबईला गेले आणि तेथून बोटीने इस्रायलला. घाणा तेवढा मागे राहिला.

कोकणातील या बेने इस्रायल समाजाला लोक 'शनिवार तेली' म्हणत, हे पुष्कळांना माहीत असेल. परंपरा अशी सांगते, की फार प्राचीन काळी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचा हा विस्तार. ग्रंथ वाहून गेले, हिब्रू भाषा गेली. शनिवारची विश्रांती, मुलाची सुंता, खवले नसलेला मासा वर्ज्य करणे आणि 'शेमा' ही एक प्रार्थना एवढे राहिले. रायपूरला बसून हे वाचताना मला मौज वाटली ती अशी, की धंदा तोच, घाणा तोच. परंतु छत्तीसगडच्या तेल्याच्या आडनावात त्याची जात आली आणि कोकणच्या या तेल्याच्या आडनावात ना धंदा आला ना धर्म. त्यात आले गाव. किहीमचा तो किहीमकर, नवगावचा नवगावकर, रोह्याचा रोहेकर, पेणचा पेणकर, अष्टमीचा अष्टमकर, झिराडचा झिराडकर, चौलचा चेऊलकर, दिव्याचा दिवेकर, राजपुरीचा राजपूरकर. अशी शंभराहून अधिक आडनावे या समाजात आहेत. ती सारी एका कागदावर लिहून काढली तर कुलाबा जिल्ह्याचा जुना नकाशाच तयार होईल.

आणि ही नावे त्यांची एकट्यांची नाहीत. दिवेकर चित्पावनांत आहेत, पेणकर कित्येक जातींत आहेत. नुसत्या 'दिवेकर' या शब्दावरून समोरचा गृहस्थ श्रावणीला जानवे बदलतो की शुक्रवारी सायंकाळी दिवा लावून 'शब्बाथ' पाळतो, हे ओळखता येणार नाही. जे आडनाव जात सांगत नाही ते अपुरे आहे, असे मानणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. 'कर' म्हणजे नेमके कोणते, असे ते खोदून विचारतात. मला तो या नावांचा मोठा गुण वाटतो.

त्यांची पहिली नावेही मराठी मातीत चांगली रुळली होती. हसन किंवा हस्केल याचे हसाजी, सॅम्युएलचे सामाजी, आयझॅकचे इसाजी, अब्राहामचे अबाजी. सामाजी हसाजी दिवेकर हा कंपनी सरकारच्या फौजेतला अंमलदार टिपूच्या युद्धात कैद झाला, सुटून आला, आणि मुंबईत मांडवी भागात 1796 साली त्याने समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्रायल आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत. मस्जिद बंदर हे नाव तेथूनच आले, असे सांगतात. तेथल्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात. ध्यानात घ्या, सॅम्युएल स्ट्रीट. दिवेकर स्ट्रीट नव्हे.

या वेगळ्या चालीचा उगम पलटणीच्या आणि कचेरीच्या पटांत असावा, असे मला माझ्या धंद्याच्या अनुभवावरून वाटते. इंग्रज अंमलदाराला 'सॅम्युएल' आणि 'मोझेस' तत्काळ समजत, 'झिराडकर' उच्चारता येत नसे. बापाचे नाव आडनावाच्या रकान्यात गेले आणि गाव बाहेर राहिले. वरळीकडे जाणारा डॉ. ई. मोझेस मार्ग आपल्यापैकी अनेकांनी तुडविला असेल. हे डॉ. एलिजा मोझेस 1937-38 साली मुंबईचे महापौर होते आणि त्यांचे आडनाव होते राजपूरकर. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सिम इझिकेल यांचे मूळ आडनाव तळकर. 'बूट पॉलिश' या 1954 सालच्या चित्रपटातील जॉनचाचा, ज्यांना प्रेक्षक नुसते 'डेव्हिड' म्हणून ओळखत, ते डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. या तिघांपैकी एकही जण 'कर' लावून प्रसिद्ध नाही. उलट हिब्रू प्रार्थना मराठीत आणणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर आणि समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी गाव सोडले नाही. म्हणजे पायांनी सोडले, नावातून सोडले नाही. केहिमकरांचा ग्रंथ 1897 साली लिहून झाला होता, तो छापून निघाला 1937 साली, तेल अवीवला. किहीमच्या माणसाच्या पुस्तकाला चाळीस वर्षे थांबून इतक्या लांब जावे लागले.

'कर' लावलेली नावे तर याहूनही लांब गेली. कराचीचे 1893 सालचे मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर उमेरडेकर घराण्याच्या नावाशी निगडित होते. ते 1988 साली पाडले गेले. मुंबईचे नामांकित डॉक्टर अब्राहाम एरुळकर यांची कन्या लिला हिने सायप्रसच्या ग्लाफकोस क्लेरिडीस यांच्याशी विवाह केला. ते 1993 ते 2003 या काळात त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष होते. कोकणातली एक एरुळकर भूमध्य समुद्रातील बेटावर राष्ट्राध्यक्षांची पत्नी म्हणून दहा वर्षे वावरली, ही हकीकत आमच्या कचेरीत मी सांगितली तेव्हा साहूजींनी मला चहा पाजला.

येथवरचे सारे वाचावयास गोड आहे. जर्मनीतल्या नावांची दुसरी बाजू गोड नाही, आणि मी नावांच्या रकान्यावर बसणारा मनुष्य असल्यामुळे ती वगळून पुढे जाता येत नाही. ओपेनहायमर, लांडाऊ, आउअरबाख अशी गावांवरून आलेली आडनावे काही ज्यू घराण्यांनी आपण होऊन धारण केली होती. परंतु बहुसंख्य ज्यू अमक्याचा मुलगा तमका एवढ्यावरच भागवीत. ते सरकारला सोयीचे नव्हते. कर वसूल करावयाचा, तरुणांना सैन्यात घ्यावयाचे, तर मनुष्य एका ठाम नावाने पटावर हवा. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा योसेफ याने 1787 साली हुकूम काढला, की प्रत्येक ज्यू कुटुंबाने कायमचे जर्मन आडनाव घेतले पाहिजे. नेपोलियनने 1808 साली, प्रशियाने 1812 साली तसेच केले. मग कोणी गाव लावले, कोणी गुलाबाची दरी, कोणी सोन्याचा डोंगर. कारकुनाचा हात ओला केला तर सुंदर नाव मिळे आणि न केला तर हास्यास्पद, अशा कथा सांगतात. त्या अतिरंजित असाव्यात. पण कारकुनांविषयी अशा कथा कोठेही चटकन पसरतात खऱ्या.

पुढे शंभर-सव्वाशे वर्षांत ही नावे इतकी जर्मन झाली, की नावावरून ज्यू ओळखणे कठीण होऊन बसले. आपल्या दिवेकरांसारखेच. कोकणात त्यापासून कोणाचे काही बिघडले नाही. जर्मनीत 17 ऑगस्ट 1938 रोजी वटहुकूम निघाला: ज्या ज्यूचे पहिले नाव सरकारने ठरवून दिलेल्या यादीत नसेल, त्याने 1 जानेवारी 1939 पासून आपल्या नावात, पुरुष असेल तर 'इस्रायल' आणि स्त्री असेल तर 'सारा', हे जादा नाव घालून तसे नोंदवून घ्यावे. कचेऱ्यांतील लिपिकांनी जन्माच्या नोंदवह्या काढल्या आणि समासांत तो शब्द लिहिला. लिहिणारे हात आमच्यासारख्यांचेच असणार. त्या नोंदींवरून पुढे याद्या झाल्या आणि याद्यांवरून आगगाड्या भरल्या.

त्याच सुमारास आमच्या गावच्या घाणेवाल्याला सारे गाव 'इस्रायल' म्हणत होते. 'बेने इस्रायल', इस्रायलची लेकरे, हे नाव त्या समाजाने आपण होऊन घेतलेले, आणि आळीत, बाजारात, खाडीवरच्या तरीत ते निःशंकपणे उच्चारले जात होते. अलिबागेत तर इस्रायल आळीच आहे. एकच शब्द तेथे शिक्क्यासारखा उमटविला जात होता आणि येथे हाक मारण्यापुरता होता. आपल्या लोकांच्या मोठेपणाचे गोडवे गाण्याची मला हौस नाही. आपणही माणसांना शिक्के मारण्यात कमी नाही, हे कोणत्याही गावाच्या पाणवठ्याने सांगितले असते. परंतु हे एक कुलाबा जिल्ह्याच्या खाती जमा आहे, ते जमाच लिहिले पाहिजे.

1948 नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. स्वातंत्र्याच्या वेळी वीस हजारांच्या आसपास असलेला समाज आता भारतात पाच हजारांच्या आत आला आहे. तेथे त्यांना वाळवंटाच्या कडेला दिमोना, बीरशेबा अशा नव्या वसाहतींत जागा मिळाल्या. सुख लगेच लागले असे नाही. तुमची वंशावळ तपासल्यावाचून तुमचे विवाह लावता येणार नाहीत, असे तेथील धर्मपीठाने 1960 नंतर म्हणावयास सुरुवात केली. दोन हजार वर्षे शनिवार पाळणाऱ्यांना आपण कोण हे सिद्ध करावे लागले. त्यासाठी आंदोलन झाले, उपोषणे झाली, आणि 1964 साली तेथील संसदेने हा समाज सर्व बाबतींत ज्यूच आहे असे जाहीर केल्यावर धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. त्यांच्यापैकी काहींनी सोईसाठी हिब्रू आडनावे घेतली. पुष्कळांनी 'कर' तसाच ठेवला. हिब्रू भाषेत 'कर' म्हणजे थंड. तेव्हा दिमोनाच्या उन्हात एखाद्या पेणकरालाही कोणी साहूजी भेटला असेल आणि त्याने डबा उघडता उघडता विचारले असेल, की तुमच्या नावातले हे थंड काय आहे? तेथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. गावाबाहेर पडलेल्या मराठी मनुष्याला मासिक काढल्यावाचून करमत नाही, हे आपणां वाचकांस निराळे सांगावयास नको.

आता साहूजींच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. कब जाते हैं?

आपल्यापैकी केंद्र सरकारच्या सेवेत असलेल्यांना रजा प्रवास सवलतीसाठी 'स्वग्राम' घोषित करावे लागते, हे ठाऊक आहे. नोकरीला लागलो तेव्हा मी त्या रकान्यात आडनावातले गाव लिहिले. ही घोषणा साऱ्या सेवाकाळात एकदाच बदलता येते. ती तपासण्याचे तीन निकष आहेत: कौटुंबिक वा सामाजिक कर्तव्यांसाठी तेथे वरचेवर जावे लागते काय, तेथे स्वतःचे किंवा एकत्र कुटुंबाचे घर आहे काय, जवळचे नातेवाईक तेथे राहतात काय. दुसऱ्यांच्या घोषणा मी याच निकषांवर तपासून वरिष्ठांकडे पाठवितो. गेल्या दोन वर्षांत आमच्या शाखेतील तिघा मराठी सहकाऱ्यांनी स्वग्राम बदलून रायपूर केले. येथे घर घेतले, मुले येथे शिकतात. त्यांचे काही चुकले नाही.

माझ्यापुरते पाहू जाता, वडील नोकरीनिमित्त ठाण्याला गेले आणि तेथेच वारले. काका पुण्याला. आजोबा 2009 साली गेल्यापासून गावी कोणी राहत नाही. मी नऊ वर्षांत दोनदा गेलो. दोन्ही वेळा पाऊस होता आणि दोन्ही वेळा कुलूप गंजून उघडत नव्हते. म्हणजे पहिला निकष गेला, तिसरा गेला. उरला दुसरा. गावी एक पडके घर आहे आणि त्याच्या मागे सहा गुंठ्यांची वाडी, तिच्यात चार माड.

चैत्रात चुलतभावाचे पत्र आले. अलिबागच्या बाजूला जमिनींना आता मुंबईकरांचा भाव आला आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. एक गिऱ्हाईक घर आणि वाडी दोन्ही घेण्यास तयार आहे. 'दादा, तुझी सही तेवढी राहिली आहे. तू तिकडे, मी इकडे, कौले कोण शाकारणार? आणि सही आधारवर आहे तशीच कर, मागच्या खेपेला दुय्यम निबंधकाने नावातल्या एका अक्षरासाठी परत पाठविले होते.' त्याचे म्हणणे रास्त आहे. मुलीच्या शिक्षणासाठी पैसा लागणारच आहे. ती चौथीत आहे, छत्तीसगढी तिला माझ्याहून चांगली येते, आणि आपल्या आडनावातले गाव नकाशावर दाखव म्हटले तर ती मोबाइलवर क्षणात दाखविते. निळ्या खाडीशेजारी एक लाल ठिपका.

सौभाग्यवतींचे मत, की सही करून टाकावी आणि स्वग्रामही रायपूर करून घ्यावे. दरवर्षी उगाच खोटे बोलल्यासारखे कशाला? मी तिला ओपेनहाइमची गोष्ट सांगितली. तेथे ओपेनहायमरांचे घर कोणी विचारले तर काय दाखवितील? ती म्हणाली, "त्यांना एल.टी.सी. घ्यायची नव्हती." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आमच्या आडनावाचे ते दुसरे घर पडल्याला पन्नास वर्षे तरी झाली असतील. जोते तेवढे दिसते, आणि गावातली म्हातारी माणसे त्या जागेला अजून आमचेच आडनाव लावून 'इस्रायलाची वाडी' म्हणतात. त्या कुटुंबाची नातवंडे-पतवंडे आज बीरशेबाला किंवा अश्दोदला तेच नाव हिब्रू लिपीत लिहीत असतील. त्यांतील किती जणांनी ती खाडी पाहिली असेल? अधूनमधून तिकडून माणसे कोकणात येतात, नवगावचे स्मारक पाहतात, खंडाळ्याला एलियाच्या खडकापाशी मलिदा करतात, आणि आजीने सांगितलेले गाव शोधीत फिरतात, असे ऐकतो. आमच्या गावी ती आली तर रस्ता विचारण्यासाठी आता आमचेही घर असणार नाही.

मी चुलतभावाला गेल्या आठवड्यात पत्र लिहिले. घराच्या आणि वाडीच्या विक्रीस माझी संमती आहे, सही आधारवर आहे तशीच करीन, आणि दिवाळीच्या सुट्टीत निबंधकाच्या कचेरीत समक्ष येईन, असे कळविले. स्वग्रामाच्या घोषणेला अद्याप हात लावलेला नाही. व्यवहार पुरा होईपर्यंत दुसरा निकष शाबूत आहे, आणि त्यानंतर काय ते मलाच माझ्या फाइलीवर टिपण लिहून वर पाठवावे लागेल. पत्राच्या शेवटी मात्र एक काम त्याच्यावर सोपविले आहे. गिऱ्हाइकाच्या नावे फेरफार मंजूर होण्यापूर्वी तलाठ्याकडून वाडीच्या सातबाराचा एक सही-शिक्क्याचा उतारा काढून ठेव म्हटले. त्यात वर गावाचे नाव असते, आणि खाली कब्जेदाराच्या रकान्यात अजून आजोबांचे.